सूचना : अंदमान अभ्याससहलीबाबत

नांदेड येथील गटाच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, जानेवारीतील सहलीत महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची भेट निश्चित झाली असून तिच्या पूर्वतयारीची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या वाचनालयात होईल.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात वंडूरलगतची पंधरा बेटे व त्यांमधील खाड्या येतात. तिवरांची जंगले आणि प्रवाळ हे तेथील मुख्य वैभव आहे. आपण जॉली बॉय बेटावर जाणार आहोत.

१. बेटावर प्लास्टिक नेण्यास सक्त मनाई असल्याने पाण्यासाठी स्टीलची बाटली व खाऊसाठी डबाच आणावा. वेफर्सची पाकिटे, गुटख्याच्या पुड्या काहीही चालणार नाही.

२. वनखात्याच्या परवान्यासाठी मूळ ओळखपत्र व त्याची एक प्रत सोबत ठेवावी.

३. प्रवाळ मृत दिसला तरी उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि घरच्या शोकेसपेक्षा तो समुद्रातच शोभतो.

आपण गोदाकाठची माणसे असल्याने नदीत पोहता येते म्हणून समुद्रात उतरण्याचे धाडस कोणीही करू नये. नावेतून जाताना जीवरक्षक जॅकेट अनिवार्य राहील.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल पाहावयाचे आहे. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या कारागृहाच्या पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. तेथे घाई करू नये. सहभाग निश्चित नसलेल्यांनी बैठकीपूर्वीच कळवावे.

— सहल संयोजक