मँडोलिन विकत घेण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मँडोलिनचा फोटो सावकाश पाहिला. गोल पोट, छिद्राभोवती शिंपल्याचं जडावकाम, आत चिकटवलेलं इटलीतल्या नेपल्सचं लेबल. जीव जडावा असंच वाद्य आहे. शंभर वर्षांचं आहे म्हणून तू हरखलायस, तेही कळतं. पण वयाचा विचार जरा मागे ठेव. त्यावर तुला काय वाजवायचंय ते आधी ठरव, मग वाद्य बघ. इतकी वर्षं मँडोलिनी जमवल्या आणि वाजवल्या, त्यातून माझं एवढं एकच मत पक्कं झालंय.

अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार विवाल्डी यानं मँडोलिनसाठी सी मेजरमधला कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) लिहिला, तेव्हा पोलादी तारांची मँडोलिन अस्तित्वातच नव्हती. आतड्याच्या तारा लावलेलं छोटं, हलकं वाद्य होतं ते. बीथोवन १७९६ साली प्रागला गेला आणि काउंटेस जोसेफिन क्लारीसाठी त्यानं मँडोलिनसाठी, सोबतीला पियानोच्या पूर्वजांपैकी एक वाद्य घेऊन, छोट्या रचना केल्या. त्यातल्या चार आज हाती आहेत. त्याही पिसाच्या नखीनं छेडायच्या जमान्यातल्या. पोलादी तारा आणि त्यांचा ताण पेलणारी बांधणी आली ती १९व्या शतकात, नेपल्सचा कारागीर पास्क्वाले विनाच्चिया याच्यामुळे. तुझ्या फोटोतलं वाद्य त्याच्या वंशातलं आहे. त्यावर बीथोवन जरूर वाजव, पण हात हलका ठेव. ज्या रचना या वाद्यासाठीच जन्मल्या, त्या पुढच्या काळातल्या.

त्यांत माझा जीव राफाएले कालाचेवर आहे (१८६३–१९३४). हा माणूस स्वतः मँडोलिन घडवायचा, स्वतः रचना करायचा आणि मैफलीत स्वतःच वाजवायचा. असा त्रिवेणी संगम फार क्वचित होतो. त्याच्या एकट्या मँडोलिनच्या प्रील्यूडमध्ये (छोट्या स्वतंत्र रचनांमध्ये) वरच्या तारेवर ट्रेमोलोनं, म्हणजे नखी भराभर खालीवर फिरवून, सूर लांबत राहतो आणि त्याच वेळी खालच्या तारांवर साथ वाजते. वाजवणारा एक, ऐकू येतात दोघं. कारागीर म्हणून त्याला ठाऊक होतं की आपली तबली (वाद्याची पुढची फळी) किती ताण सोसेल, दांडीवर बोटं कुठवर पोचतील. रचना करताना त्यानं ते सगळं पणाला लावलं. म्हणून त्याची प्रील्यूड त्या घराण्याच्या वाद्यावर वाजवताना बोटांना वाट आपोआप सापडते. नेपल्समधला त्याच्या घराण्याचा कारखाना आजही मँडोलिन घडवतो.

रोमच्या लुईजी एम्बेर्गेरची (१८५६–१९४३) वाद्यं निराळी. दांडी अरुंद, मागून जवळजवळ त्रिकोणी, बोटं ठेवायच्या पट्टीला किंचित गोलाई. आवाज सडसडीत, स्पष्ट. एम्बेर्गेर हातात घेतल्यावर पहिले काही दिवस अंगठ्याला जागाच मिळत नाही, नंतर मात्र दुसरी दांडी जाडजूड वाटू लागते. संधी मिळाली तर एकदा तरी वाजवून बघ.

गोल पोट नसलेल्या अमेरिकन मँडोलिनींबद्दल तू विचारलं होतंस. ऑरव्हिल गिब्सननं व्हायोलिनसारखी तबली आणि पाठ कोरून काढली आणि १८९८ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे गिब्सन कंपनीत लॉइड लोअर आला आणि त्याच्या देखरेखीत १९२२ मध्ये एफ-५ नावाची मँडोलिन बाजारात आली. लोअर स्वतः वादक होता. त्याच्या डोळ्यांसमोर मैफलीचं व्यासपीठ आणि मँडोलिन वाद्यवृंद होते. पण वाद्यवृंदांची हौस तोवर ओसरत चालली होती, १९२४ मध्ये लोअर कंपनीतून बाहेर पडला. त्याच वाद्याला पुढे नाव मिळालं ते ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतात, वादक बिल मन्रोच्या हातून. त्याची एफ-५ १९२३ सालची होती. लोअरची सही असलेली वाद्यं आज संग्राहकांच्या तिजोऱ्यांत जाऊन बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ती वाजायला हवीत.

आता तुझ्या फोटोकडे. लेबलवर भिस्त ठेवू नकोस, लेबल कुणालाही चिकटवता येतं. सिसिलीतल्या कातानियासारख्या ठिकाणी त्या काळी स्वस्त मँडोलिनी ढिगानं बनत, त्याही आज 'शंभर वर्षांच्या जुन्या' म्हणून विकल्या जातात. वाद्य डोळ्यांसमोर आडवं धरून दांडीची रेघ बघ. बाराव्या पडद्यावर तारा फार उंच असतील तर दांडी पुढे झुकली आहे असं समज. गोल पोटाच्या वाद्यात ते दुरुस्त करणं फार कटकटीचं. छिद्राजवळ तबली खचली आहे का, पोट ज्या लाकडी पट्ट्या जोडून बनतं त्या एकमेकींपासून सुटल्यात का, तेही बघ. घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात तिच्या) जरा मागे तबली एका रेषेत वाकलेली दिसेल. तिला घाबरू नकोस, तो वाक मुद्दाम दिलेला असतो. मग बोटाच्या पेरानं तबलीवर हलकेच टिचकी मार आणि कान दे. तबलीला आतून आधार देणारी पट्टी सुटली असेल तर खरखर लगेच कळते.

घेतलंसच तर तारा सगळ्यात हलक्या लाव, पहिली .००९ किंवा .०१० इंचाची. गोल पोट नसलेल्या वाद्याच्या जाड तारा चढवून कितीतरी चांगल्या तबल्या लोकांनी खचवल्या आहेत. घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या ताणावर उभी असते, म्हणून तारा एकेक करून बदल. पॉलिश खरवडून नवं चढवायला तर कुणालाही देऊ नकोस, कितीही गोड बोलला तरी.

आणखी एक. नखीपट्टीवर (नखीच्या ओरखड्यांपासून तबली वाचवणाऱ्या पट्टीवर) कासवाच्या पाठीचं कवच असेल आणि वाद्य दुसऱ्या देशातून यायचं असेल, तर परवान्याचं आधी विचार. त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. वाद्य सीमेवर अडकलं तर परत मिळेलच असं नाही.

बाखबद्दल लिहिलंस ते वाचून फार आनंद झाला. मँडोलिनच्या तारांच्या चार जोड्या व्हायोलिनसारख्याच जी-डी-ए-ई लागतात, त्यामुळे त्याच्या एकल व्हायोलिनच्या रचना तुझ्या बोटांत बसतील. पण त्यात ट्रेमोलो करू नकोस, निदान सुरुवातीला नको. तार छेड आणि सूर विरेपर्यंत थांब. तो विरताना पुढचा सूर कुठून यायचा ते ऐकू येतं. ट्रेमोलो कालाचेसाठी राखून ठेव. तिथं तो श्वासासारखा लागतो, मनगट सैल ठेवून, आणि तो रोज थोडा थोडा करूनच जमतो.

मला अजून दोन फोटो हवेत: एक दांडीच्या टोकाकडून पट्टीच्या रेषेत काढलेला, दुसरा घोडीच्या उंचीवरून बाजूनं. विकणाऱ्यानं आत दिवा टाकून काढू दिलं तर आतल्या पट्ट्यांचाही पाठव. ते बघून मी फोन करते. तोवर पैसे देऊ नकोस.

तुझी,
आई