कायदा गेला, शेरा तसाच

महोदय,

‘रिपील’ म्हणजे कायदा रद्द करणे. या इंग्रजी क्रियापदावरचा आपला कालचा मजकूर वाचला. जुन्या फ्रेंचमधल्या ‘परत बोलावणे’ अशा अर्थाच्या शब्दावरून ते आले, इथवर ठीक. पण पुढे ‘रिपील झालेला कायदा जणू कधी नव्हताच’ असे ठोकून दिले आहे. हे साफ चूक आहे. अशा वाक्यांवर विसंबून माणसे घरे विकत घेतात.

कायद्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम 6 लेखकाने पाहायला हवे होते. नव्या कायद्यात वेगळे काही म्हटले नसेल, तर जुन्या कायद्याखाली मिळालेले हक्क, अंगावर आलेली देणी, ओढवलेली शिक्षा हे सगळे शाबूत राहते. भारतीय दंड संहिता 1 जुलै 2024 ला गेली. त्याच्या आदल्या दिवशीच्या चोरीला आजही तिचीच कलमे लागतात.

आमची सोसायटी हे रोज भोगते आहे. शहरात कोणी किती मोकळी जमीन बाळगावी याला मर्यादा घालणारा 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा केंद्राने 1999 मध्ये आणि महाराष्ट्राने 29 नोव्हेंबर 2007 ला गुंडाळला. सुटलो, असे आम्हा सगळ्यांना वाटले. पण आमची इमारत त्याच्या कलम 20 खाली, अटींवर, या मर्यादेतून सूट मिळालेल्या जमिनीवर उभी आहे, आणि ते सूट-आदेश निरसनाच्या, म्हणजे तो रद्द करणाऱ्या, कायद्यानेच कलम 3 मध्ये कायम ठेवले आहेत. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही आदेशातल्या अटी जिवंत असल्याचे सांगितले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना फ्लॅट विकून मुलीकडे नाशिकला जायचे होते. गिऱ्हाईक ठरले, विसार झाला. बँकेच्या वकिलाने सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातल्या ‘ना.ज.क.धा. कलम 20’ या ओळीवर बोट ठेवले आणि कर्ज अडकले. गिऱ्हाईक गेले. कचेरीत विचारले तर उत्तर मिळाले, ‘कायदा नाही, पण शेरा आहे. परवानगी आणा.’ गुडघे धरून जिने चढणाऱ्या बाईने ही परवानगी किती टेबलांवरून आणायची?

कायदा संपवताना सरकारने त्याची शेपटे लोकांच्या उताऱ्यांवर ठेवू नयेत आणि वर्तमानपत्रांनी ती नाहीतच असे सांगू नये. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक छापावी.

आणखी एक. हरकती मागवणाऱ्या जाहीर नोटिसा आपण इतक्या बारीक टाइपात छापता की भिंग घेऊनही गट नंबर लागत नाही. हरकतीची मुदत मात्र छापल्या दिवसापासून धावू लागते.

— एका गृहरचना संस्थेचा सचिव, पुणे