आई-बाबा, सोमवारपासून फिजिओ घरी येणार आहे

ति. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा ‘बरं, बघू’ म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहून कळवतेय. सोमवारपासून आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट घरी येईल. तीन महिन्यांचे पैसे भरून झालेत, तेव्हा कितीला पडलं ते विचारू नका. पुण्याला चला असं मी म्हणत नाहीये. सांगलीतलं घर, झोपाळा, बाबांची दुपारची झोप, सगळं जिथल्या तिथे राहील. ती चहानंतरच येईल. आई, तिच्यासाठी रोज पोहे करत बसू नकोस.

बाबा, डॉक्टरांनी नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला आणि तुम्हाला कळलं नाही, तेव्हा तुम्ही ‘वयाचं आहे’ म्हणालात. वयाचं नाही, मधुमेहाचं आहे ते. तो धागा १० ग्रॅम दाबाला वाकतो. एवढा स्पर्श कळत नसेल तर पायाला काही लागलं तरी वेळेवर कळणार नाही. वाढलेली साखर वर्षानुवर्षं नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा करते. सगळ्यात लांब नसा आधी जातात, म्हणून बोटांपासून सुरू होऊन बधिरपणा मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना तुमचा तोल जातो तोही यामुळेच. जमिनीची खबर पायांकडून येत नाही, इतका वेळ डोळे सांभाळून घेत असतात, आणि ते मिटले की आधारच जातो.

पाय थरथरवणारं ते मशीन मी परत पाठवलं. रागावू नका. शेजारच्या काकांनी प्रेमानेच सुचवलं होतं, पण बधिर कातडी घासली किंवा भाजली तर तुम्हाला समजणार नाही. अ‍ॅक्युप्रेशरच्या टोकदार चपलाही काढून टाका. रात्री पायांची आग होते त्यासाठी टेन्स, म्हणजे कातडीवरून विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र, लावायचं का, ते फिजिओ ठरवेल. काहींना त्याने दुखणं थोडं कमी होतं, मेलेली नस मात्र जिवंत होत नाही. व्यायामानेही गेलेला स्पर्श परत येईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण पोटऱ्या आणि घोट्यांत ताकद येते, तोल सुधारतो, पडायची भीती कमी होते. मला तेवढंच हवंय.

ती जे करून घेईल त्यात काही अवघड नाही. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, पावलापुढे पाऊल ठेवून उभं राहायचं, बोटांनी जमिनीवरचा पंचा गोळा करायचा. एका पायावर उभं राहताना आई जवळ असू दे. चाललं की जखम होईल ही तुमची भीती मला कळते, पूर्वी डॉक्टरही चालू नका म्हणायचे. आता मत बदललंय. पायाला जखम नसेल, पादत्राणं नीट असतील आणि रोज पाय तपासले जात असतील तर चालायला हरकत नाही. हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचं. साखर १०० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन घ्या. खिशात साखरेची पुडी ठेवा.

बाभळीचा काटा रुतला की माझा पाय मांडीवर घेऊन तुम्ही सुईने तो काढायचात. मी ओरडायच्या आतच ‘झालं झालं’ म्हणायचात, आणि आई हळद भरायची. बाबा, तसा काटा आज तुमच्या पायात रुतला तर तुम्ही त्यावर दोन दिवस चालाल. अप्पांच्या अंगठ्याचं मी पुन्हा लिहीत नाही.

म्हणून आई, हे तुझ्याकडे. रोज रात्री बाबांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या. खाली वाकता येत नसेल तर आरसा धर. पाणी आधी तुझ्या कोपराने बघ, बाबांच्या पायाने नको. गरम पाण्याची पिशवी बंद. पायाला झालेलं कुरूप ब्लेडने कापायचं नाही. हॉलमधलं पायपुसणं उचल, बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा राहू दे. फोड किंवा जखम दिसली की व्यायाम थांबवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणं मी बंद करत नाहीये, बाबा. पण घाट तापायच्या आत दर्शन घ्या आणि पायांत जाड सुती मोजे ठेवा. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर दत्तमहाराज मोज्यांना नाही म्हणणार नाहीत, हे मी अगदी मनापासून लिहितेय.

एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबरी तळाच्या, चपला घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हाचं माप बरोबर येतं. सकाळचं घेतलं तर त्या चावतील, आणि चावलेलं कळणार नाही. जुन्या चपला माळ्यावर टाकू नका, तुम्ही परत काढाल. देऊन टाका.

सोमवारी ती गेली की फोन करा. आधी बाबांनी बोलायचं.

तुमची,
छोटी