नव्या तलावात पहिल्याच दिवशी ब्लीचिंग नको

संपादक महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की नव्या सोसायट्यांत पोहण्याचा तलाव सुरू करण्याची घाई होते. पंपरूममध्ये ब्लीचिंग (क्लोरीन देणारी पावडर), गढूळपणा खाली बसवणारी तुरटी आणि शेवाळ मारणारे मोरचूद (कॉपर सल्फेट) यांची पोती आलेलीच असतात. तलाव भरला त्याच संध्याकाळी तिन्ही आत पडतात. आठ दिवसांत पाणी दुधी किंवा हिरवट दिसू लागले की आणखी एक पोते! माल बहुधा चांगलाच असतो, चुकतो तो क्रम.

आधी पाणी कुठले आहे ते पाहावे. पुण्याचे खडकवासल्याचे किंवा मुंबईचे भातसा-तानसाचे पाणी मृदू असते, तर काळ्या पाषाणातल्या बोअरचे बरेचदा जड. मृदू पाणी टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट खाते, जड पाणी त्यावर पांढरा थर चढवते. बोअरच्या पाण्यात लोह असेल आणि त्यात थेट क्लोरीन पडला, तर तासाभरात तलावाचा रंग कोऱ्या चहासारखा होतो आणि डाग सांध्यांत बसतात. म्हणून भरण्याआधीच बाटलीभर पाण्याची पीएच (आम्ल-अल्कतेचे माप), अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार), हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि लोह यांची चाचणी करावी. लोह निघाले तर ते पाण्यात धरून ठेवणारे रसायन (सिक्वेस्ट्रंट) आधी, क्लोरीन नंतर.

पुढची मापे १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावाची, म्हणजे ९० हजार लिटरची आहेत. माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबू नये, टेप लावून मोजावे.

सुरुवात अल्कलिनिटीपासून. ती ८० ते १२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवी. १० पीपीएम वाढवायला दीड किलो खाण्याचा सोडा लागतो. त्यानंतर पीएच. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, त्यामुळे पहिला महिनाभर पीएच पुन्हापुन्हा ८ च्या वर चढतो. तो ७.२ ते ७.६ मध्ये आणायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. पंप चालू ठेवून एका वेळी अर्धा लिटरच, तेही पाण्याच्या बादलीत ॲसिड ओतून (ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही), खोल बाजूने फिरत सोडावे आणि सहा तासांनी पुन्हा मोजावे. ॲसिडने अल्कलिनिटीही उतरते. बाजारातल्या ३० टक्क्यांच्या सुमारे १.९ लिटर ॲसिडने ती १० पीपीएम खाली येते.

पीएचसाठी एवढा आटापिटा का? पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला पाव हिस्साही उरत नाही. तुरटीचेही तसेच. पीएच ८ च्या वर असेल तर तिचा गाळ नीट धरत नाही आणि पाणी पांढुरके राहते. मग दोष फिल्टरला!

हार्डनेस २०० पीपीएमच्या खाली असेल तर कॅल्शियम क्लोराइड. १० पीपीएमसाठी सुमारे १.३ किलो. विरघळताना बादली हाताला चटका बसेल इतकी तापते. सोडा टाकल्यावर मध्ये एक दिवस जाऊ द्यावा, नाहीतर दोन्ही मिळून खडूची भुकटी होते.

एवढे जमल्यावर, दोन-तीन दिवसांनी क्लोरीन. १ पीपीएमसाठी ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट १४० ग्रॅम किंवा ३० टक्क्यांचे ब्लीचिंग ३०० ग्रॅम. दमट पंपरूममध्ये पडून राहिलेल्या ब्लीचिंगचा जोर खूपच उतरलेला असतो. ते बादलीत कालवून ठेवावे आणि फक्त निवळी तलावात सोडावी. पोहताना १ ते ३ पीपीएम मोकळा (अजून खर्ची न पडलेला) क्लोरीन पुरे.

टीसीसीएच्या (क्लोरीन हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या सोयीच्या खऱ्या, पण त्यांतून सायन्युरिक ॲसिड, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारे रसायन, साठत जाते. रोज २ पीपीएम क्लोरीन गोळ्यांतून दिला तर महिन्यात सुमारे ३६ पीपीएम. उघड्या तलावाला ३० ते ५० पीपीएम ठीक. त्यापुढे क्लोरीन मोजणीत दिसतो, पण काम करेनासा होतो. उपाय एकच, पाणी काढून नवे भरणे, आणि ते टँकरच्या भावात.

मोरचूद नव्या तलावाला लागतच नाही. तांब्याचे डाग टाइल्सवर उमटतात आणि सकाळच्या बॅचमधल्या आजोबांच्या पांढऱ्या केसांना हिरवट झाक येते.

टीसीसीए आणि हायपोक्लोराइट एकाच मगाने काढू नये, मिसळल्यास आग लागते किंवा स्फोट होतो. ब्लीचिंगवर ॲसिड सांडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ॲसिडचे कॅन वेगळ्या खोलीत ठेवावेत.

तलावाचा ताबा घेताना सोसायट्यांनी बिल्डरकडून भरलेल्या पाण्याचा चाचणी अहवाल, तलावाचे मोजलेले लिटर आणि पहिल्या २८ दिवसांची पीएचची रोजची नोंदवही लेखी मागून घ्यावी.

– तलावांच्या देखभालीच्या कामातील दोघे, पुणे