हातानं केलेली म्हणजे नेमकं काय केलेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला गिटार शिकणाऱ्या मुलांवरचा लेख वाचला. आपल्या गावात ही मुलं आहेत याची कुणीतरी दखल घेतली, याचं समाधान वाटलं. पण मशीनवर कापलेली गिटार निर्जीव असते, घ्यायची तर हातानं बनवलेलीच घ्यावी, असा जो सल्ला त्यात दिला आहे तो वाचून मी थांबलो. हाच सल्ला दुकानातही ऐकायला मिळतो आणि क्लासमध्येही. तो ऐकून घेतलेल्या तीन गिटारी गेल्या दोन महिन्यांत माझ्या टेबलावर दुरुस्तीला आल्या, म्हणून हे पत्र.

त्यातली एक टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मुलीसाठी घेतलेली. आत ‘हॅण्डमेड’ असा कागद चिकटवलेला, आणि त्या कागदापायी त्यांनी दोन हजार रुपये जास्त मोजलेले. गिटारीचा ब्रिज, म्हणजे अंगावरची तारा अडकवायची पट्टी, असायला हवा त्यापेक्षा चार मिलिमीटर मानेकडे चिकटवला होता. मोकळ्या तारा सुरात लावल्या तरी बोटं वर सरकतील तसा प्रत्येक सूर चढत जायचा. मुलीला वाटत होतं की आपलं बोटच चुकतं. सहा महिने ती स्वतःला दोष देत होती. हातानं केलेलं काम होतं हे खरं, पण त्या हाताला मोजता येत नव्हतं.

मी पॅटर्नमेकर. आयटीआय करून चिंचोळी एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत २७ वर्षं लाकडी पॅटर्न केले. ओतकामात आधी वस्तू लाकडात घडवतात, ती वाळूत दाबून साचा उठवतात आणि त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. बीड निवताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरहून किंचित लांब. पटाशी, रंधा, कानस यांवर माझं घर चाललं, दोन मुली शिकल्या. शेवटची आठ वर्षं फौंड्रीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर कापणारं मशीन, आलं आणि मला बाकावरून उठवून मशीनवर बसवलं. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण त्या आठ वर्षांनी जे शिकवलं ते मी नाकारणार नाही.

निवृत्तीनंतर धाकटीची गिटार फुटली, ती उघडली, आणि त्यातून गिटारी दुरुस्त करायला आणि पुढे बनवायला लागलो. पहिली गिटार पूर्ण हातानं केली. फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, शिसवीचा. त्या पट्टीवर धातूच्या आडव्या तारा बसवतात, ते फ्रेट; त्यांच्या खाचा छोट्या करवतीनं कापल्या. नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली होती. फ्रेटचा हिशोब असा, की उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं, तेवढं अंतर सोडून खाच पाडायची, मग पुन्हा उरलेल्या लांबीला भागायचं. पहिला फ्रेट ३६.३७ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. जुन्या काळी १८ नं भागत. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी सोळाव्या शतकात ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी हेच प्रमाण सांगितलं होतं. पण ६४८ ला त्या रीतीनं भागत गेलं तर बारावा फ्रेट मध्याच्या दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे पडतो. मला हे ठाऊक होतं, म्हणून बरोबर आकड्यानं आखणी केली, चाकूनं रेघा मारल्या आणि कापायला बसलो.

शिसवीत कडक रेषा असतात. चौदाव्या खाचेला करवत त्या रेषेला लागून सरकली. पाऊण-एक मिलिमीटर. मला वाटलं, चालतंय. मुलीनं वर एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरला आणि म्हणाली, “पप्पा, इथं काहीतरी टोचतंय.” सूर मोजणारा ट्यूनर लावला तर त्या फ्रेटवर सूर जवळजवळ ५ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या सुराचा विसावा भाग. आकडा लहान वाटेल, पण तिच्या कानानं तो ट्यूनरच्या आधी पकडला होता. खाचेत शिसवीची पट्टी भरली, पुन्हा कापली. दुसऱ्या वेळी जमलं. पण २७ वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला २० खाचांत एकदा असं होतं, तर नवख्याचं काय होत असेल?

पुढचा फिंगरबोर्ड मी अक्कलकोट रोडवर एका मुलाकडे नेला. देवघरांवर, दारांवर नक्षी काढणारं सीएनसी राउटर आहे त्याच्याकडे. फ्रेटची खाच ०.६ मिलिमीटर रुंद लागते, म्हणजे बिट, मशीनचं कापणारं टोक, सुईएवढं. त्यानं सागवानाच्या दाराला देतो तोच वेग दिला. “काका, गेलं बघा बिट.” दुसरंही गेलं. मग मी त्याला म्हटलं, एका दमात खोल जाऊ नकोस, थर-थर काढ, शिसवीचा आवाज बदलला की वेग कमी कर. तिसऱ्या बिटानं पूर्ण फिंगरबोर्ड झाला. घरी आणून व्हर्नियरनं मोजला, एकही खाच जागची हललेली नव्हती. तेव्हापासून फ्रेटच्या खाचा मी हातानं कापत नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही. जिथं उत्तर एका आकड्यात आहे, तिथं मशीन माझ्याहून प्रामाणिक आहे. मुलीच्या कानापेक्षा माझी हौस मोठी नाही.

गिटारीच्या पुढच्या फळीचं मात्र वेगळं. सतारवाले तिला तबली म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. सूर येतो तो मुख्यतः तिच्यातून. १८६२ मध्ये स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस यांनी पाठ आणि बाजू कागदी पुठ्ठ्याच्या लावून गिटार केली, फक्त तबली चांगल्या लाकडाची ठेवली. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तबली स्प्रूस नावाच्या झाडाच्या लाकडाची असते, जाडी अडीच ते तीन मिलिमीटरच्या आसपास. मशीनला २.८ सांगितलं तर ते प्रत्येक फळी २.८ ची करेल. पण एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात. एक हातात धरून वाकवली तर बांबूसारखी ताठ, दुसरी त्याच जाडीला लवचीक. ताठ असेल ती आणखी उतरवावी लागते, नाहीतर गिटार दबल्या आवाजात बोलते. मऊ असेल ती आधीच थांबवावी लागते, नाहीतर तारांच्या ताणानं पोट काढते. मी रंधा मारतो, बोटाच्या पेरानं ठोकतो, वाकवून बघतो, पुन्हा दोन हात रंधा मारतो. आतून ज्या दांड्या चिकटवतात त्यांचंही तसंच. ‘एक्स’ आकाराची मांडणी अमेरिकेत मार्टिन या गिटार बनवणाऱ्यांनी १८४० च्या दशकात रूढ केली, ती आजही बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारीत असते. पण त्या दांड्या किती तासायच्या हे त्या-त्या तबलीनं सांगायचं असतं. इथं मी मशीनला हात लावू देत नाही.

आणि सोलापूरचा उन्हाळा! बाहेरगावहून आलेल्या गिटारींचं इथं काय होतं ते मी दर मे महिन्यात बघतो. पारा ४३ वर जातो, दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी. गिटारीला साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. इथं लाकूड रुंदीत आकसतं, फ्रेटची धातूची तार मात्र तेवढीच राहते, आणि तिची टोकं फिंगरबोर्डच्या कडेनं बाहेर येऊन मुलांच्या हाताला करवतीसारखी लागतात. आईवडील म्हणतात, मशीनची आहे ना, म्हणून. तसं नाही. त्या मशीननं आपलं काम बरोबरच केलेलं असतं. लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं, किंवा ते दमट गावात वाळलं आणि सोलापुरात राहायला आलं. हातानं केलेल्या गिटारीही मी अशाच बाहेर आलेल्या टोकांसह बघितल्या आहेत. माझ्या गिटारींच्या मानेला मी जुन्या वाड्यांच्या तुळयांचं सागवान वापरतो, ते आकसून आकसून केव्हाच थांबलेलं असतं. तेलकट असतं, सरस लावण्याआधी थिनरनं पुसावं लागतं, पण उन्हाळ्यात दगा देत नाही. बाकी घरांना एकच सांगणं: मेमध्ये गिटार भिंतीला टांगू नका, केसमध्ये ठेवा, आणि आत साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवा, डबीला भोकं पाडून.

मानेचा विषय निघालाच आहे. जुन्या पद्धतीत मान अंगाला डोव्हटेलच्या, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या खाचेच्या, जोडानं सरस लावून बसवतात. वर्षांनी ती तारांच्या ताणानं पुढे झुकली की सरस वाफेनं सोडवून, जोड तासून पुन्हा बसवावी लागते. दोन-तीन दिवसांचं काम, आणि वाफेनं पॉलिश खराब व्हायची भीती. कॅलिफोर्नियातल्या टेलर कंपनीनं १९९० च्या सुमारास सीएनसी आणलं आणि १९९९ मध्ये अशी मान काढली जी अचूक कापलेल्या खोबणीत बोल्टनं बसते. कोन बदलायचा तर आतली लाकडाची पातळ चकती बदलायची, अर्ध्या तासात काम होतं. इतकी घट्ट खोबण हातानं रोज, प्रत्येक गिटारीला, मला नाही कापता येणार. आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांना मशीननं हे दिलेलं मोठंच दान आहे.

खरं तर मशीनकडे परकं म्हणून बघणं सोलापूरला शोभत नाही. माझ्या वडिलांनी पूर्व भागात चादरीच्या जॅकार्ड मागावर आयुष्य काढलं. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर रंगवायची, मग तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यानं ओवून माळ करायची. लहानपणी ती माळ ओवायला मी बसायचो. भोक असेल तिथला ताणा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. जॅकार्ड नावाच्या माणसानं हे यंत्र १८०४ मध्ये फ्रान्समध्ये आणलं. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत पहिलं अंकनियंत्रित मिलिंग मशीन दाखवलं, तेही भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरच चालत होतं. आजच्या सीएनसीचं मूळ आमच्या मागावर लटकत होतं! भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीला कुणी निर्जीव म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पण कार्ड कापताना एक भोक चुकलं तर मोराची मान वाकडी व्हायची, आणि ती आधी वडिलांच्या डोळ्याला दिसायची, मागाला नाही.

मिरजेला एका सतारमेकरांच्या कारखान्यात गेलो होतो. तंबोऱ्याचे भोपळे तिथं आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपूरकडचे येतात, हे पाहून अभिमान वाटला. एक म्हातारे कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून सुराला झंकार आणत होते. घोडीवर कानस दोन वेळा फिरवायची, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, पुन्हा दोन वेळा. तासभर मी नुसता बघत बसलो. त्या वक्रतेचा आकडा त्यांनाही सांगता आला नसता. ते काम हातानंच व्हायला हवं, आणि तिथं हाताला जी किंमत मिळते ती फार कमी आहे, हेही इथं लिहून ठेवतो.

म्हणून लेखकांना आणि गिटार शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांना ‘हॅण्डमेड घ्या’ एवढंच सांगू नका. दुकानातच बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून छेडा, मग तिथंच दाबून छेडा. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. सगळ्या सहा तारांवर करा. मग ट्यूनर लावून एकेक फ्रेट तपासा. मानेच्या कडेनं बोट फिरवून टोकं लागतात का बघा. आणि विकणाऱ्याला विचारा, हातानं काय केलंय? खाचा? तबली? की फक्त पॉलिश?

दुसरी विनंती आपल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या लोकांना. सीएनसी शिकवता ते उत्तमच. पण मशीनला हात लावण्याआधी मुलांकडून एक महिना रंध्यानं एक फळी सपाट करून घ्या, गुण्या लावून तपासून घ्या. त्या राउटरवाल्या मुलाची दोन बिटं गेली ती प्रोग्राम चुकला म्हणून नाही. शिसवी कशी लागते हे त्याच्या हाताला कधी कळलंच नव्हतं. आता तो दर रविवारी माझ्याकडे येतो. रंध्याचं पातं कसं पाजायचं ते गेल्या आठवड्यात त्याला जमलं.

सध्या माझ्याकडे स्प्रूसच्या दोन तबल्या जूनपासून दोरीला टांगलेल्या आहेत. पाऊस संपून हवा बसली की एक तो उतरवेल, एक मी.

आपला नियमित वाचक,
एक पॅटर्नमेकर, साखर पेठ, सोलापूर