नव्या तिकीट आरक्षण संकेतस्थळावर स्क्रीन रीडरने तिकीट काढता येत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
माननीय ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन बस आरक्षण विभाग

विषय : संकेतस्थळाच्या नव्या रचनेमुळे दृष्टिहीन ग्राहकांना स्वतः तिकीट काढणे अशक्य झाल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. पुण्यात नोकरी करते आणि महिन्यातून दोनदा तरी रात्रीच्या स्लीपर बसने लातूरला आईकडे जाते. सहा वर्षे हे तिकीट मी आपल्याच संकेतस्थळावरून, माझ्या संगणकावर, कोणाचीही मदत न घेता काढत होते आणि त्याला मला सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नसे. आपण संकेतस्थळाचे रूप बदलल्यापासून मात्र मला एकही तिकीट स्वतः काढता आलेले नाही.

याबद्दल मी आपल्या ग्राहक सेवा केंद्राला तीन वेळा फोन केला. पहिल्या वेळी अडचणीचा स्क्रीनशॉट पाठवण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी घरातल्या कोणाकडून तिकीट काढून घ्यावे, असा सल्ला मिळाला. तिसऱ्या वेळी मोबाइल अ‍ॅप वापरण्यास सांगितले. त्यात टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधली पडदा बोलून दाखवणारी सोय, सुरू केल्यावर निम्मी बटणे नावाशिवायच बोलतात. फोनवर बोलणारे तिघेही माझ्याशी सौजन्याने वागले, पण दृष्टिहीन माणूस संकेतस्थळ कसे वापरतो हे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नसावे. म्हणून ही तक्रार थोडी सविस्तर लिहीत आहे आणि ती संकेतस्थळ तयार करणाऱ्या अभियंत्यांपर्यंत जशीच्या तशी पोहोचवावी, अशी माझी विनंती आहे.

मी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावर दिसणारे चित्र हा स्क्रीन रीडर पाहत नाही. पानाच्या कोडमधून ब्राउझर जी रचना त्याच्या हाती देतो, म्हणजे हे शीर्षक आहे, हे बटण आहे, ही यादी आहे आणि तिच्यात पाच नोंदी आहेत, ती रचना तो मला बोलून दाखवतो. माऊस मी वापरत नाही. एखादे पान उघडले की मी ते वरपासून खालपर्यंत ऐकत बसते, असा अनेकांचा समज असतो. तसे केले तर एका तिकिटाला अर्धा दिवस लागेल. ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचण्याच्या स्थितीत, ‘एच’ दाबले की मी पुढच्या शीर्षकावर जाते, ‘बी’ने पुढच्या बटणावर, ‘ई’ने पुढच्या लिहिण्याच्या चौकटीवर, ‘टी’ने तक्त्यावर आणि ‘डी’ने पानाच्या पुढच्या मोठ्या विभागावर. एक ते सहा हे आकडे त्या त्या पातळीच्या शीर्षकावर नेतात. चौकटीत अक्षरे टाइप करायची वेळ आली की स्क्रीन रीडर फोकस मोडमध्ये जातो, त्याचा बारीकसा आवाज येतो आणि तिथून पुढे माझी प्रत्येक कळ थेट संकेतस्थळाला मिळते. लिहून झाले की एस्केप दाबून मी पुन्हा ब्राउझ मोडमध्ये येते. डोळस माणसाची नजर पानावरून जशी उड्या घेत फिरते, तशी माझी बोटे या कळांवरून फिरतात. मात्र त्यासाठी शीर्षक हे कोडमध्येही शीर्षक असावे लागते आणि बटण हे बटणच असावे लागते.

आपल्या जुन्या संकेतस्थळावर ते तसे होते. ते देखणे नसेलही, पण शोधाच्या निकालात प्रत्येक बस तिसऱ्या पातळीचे शीर्षक म्हणून दिलेली असे. मी ‘तीन’ दाबत जायचे आणि बसचा प्रकार, सुटण्याची वेळ व भाडे ऐकून हवी ती बस निवडायचे. नव्या पानावर ‘एच’ दाबले की “आणखी शीर्षक नाही” एवढेच उत्तर येते. मोठा आणि ठळक मजकूर तिथे आहे, असे मला सहकाऱ्यांनी सांगितले. पण नुसते अक्षर मोठे केल्याने ते माझ्यासाठी शीर्षक होत नाही.

आता तिकीट काढण्याच्या क्रमाने सांगते. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन्ही चौकटींवर गेल्यावर “एडिट, रिकामे” इतकेच ऐकू येते, कारण चौकटीला लेबल जोडलेले नाही. पहिली चौकट निघण्याच्या गावाची असणार, हे मी अंदाजाने ठरवले. ‘लातूर’ टाइप केल्यावर खाली सुचवलेल्या गावांची यादी उघडते म्हणतात, पण यादी उघडल्याचे मला कळत नाही आणि खालचा बाण दाबूनही तिच्यातले एकही नाव बोलले जात नाही. अंदाजाने एंटर दाबले तेव्हा यादीतले दुसरेच गाव निवडले गेले होते आणि ते मला दोन पाने पुढे गेल्यावर कळले.

तारखेची चौकट आपण टाइप करण्यासाठी बंदच केली आहे. तिच्यावर एंटर दाबले की दिनदर्शिका उघडते. तिच्यात एकपासून एकतीसपर्यंतचे आकडे “क्लिकेबल” या शब्दासह एकामागून एक ऐकू येतात, पण ते कोणत्या महिन्याचे आहेत, कोणता वार आहे, कोणती तारीख निवडलेली आहे, यातले काहीही कळत नाही. पुढच्या महिन्यावर नेणारा बाण हे केवळ एक चित्र आहे आणि टॅबने तिथे पोहोचताच येत नाही. तारीख थेट टाइप करू देण्याची सोय ठेवली असती, तर हा सारा प्रश्न उद्भवलाच नसता.

पण खरा अडथळा आसनांच्या आराखड्याचा आहे. जुन्या पानावर प्रत्येक आसन हा एक चेकबॉक्स होता आणि त्यावर गेल्यावर आसनाचा क्रमांक, खालचा की वरचा बर्थ, खिडकीकडचा की मार्गिकेकडचा, महिलांसाठी राखीव आहे का आणि भाडे किती, हे सारे एका वाक्यात ऐकू येत असे. आता छत्तीस बर्थच्या बससाठी मला “ग्राफिक क्लिकेबल, ग्राफिक क्लिकेबल” असे छत्तीस वेळा ऐकावे लागते. कोणता बर्थ रिकामा आहे आणि कोणता गेला आहे, हे रंगाने दाखवले आहे. महिलांसाठी राखीव आसन गुलाबी रंगाने दाखवले आहे. रात्रभर एकटीने प्रवास करणाऱ्या दृष्टिहीन स्त्रीला शेजारचा बर्थ महिलेचा आहे की नाही, हे तिकीट काढण्याआधी कळणे किती गरजेचे असते, हे मला वेगळे समजावून सांगावे लागू नये. ही माहिती आपल्याकडे आहे, ती पडद्यावर इतर सर्वांना दिसते आणि केवळ रंगातच ठेवल्यामुळे ती मला मिळत नाही.

मागच्या महिन्यात मी तरीही प्रयत्न केला. त्या छत्तीसपैकी एका चित्रावर एंटर दाबले, पण काहीच घडले नाही. ते बटण नसून फक्त माऊसच्या क्लिकला प्रतिसाद देणारे चित्र आहे, म्हणून स्क्रीन रीडरच्या आज्ञेने माऊस तिथे नेऊन क्लिक केले. त्यानंतर पानावर बदल झाला असावा, पण माझ्या कानांवर काहीच पडले नाही. पान नव्याने न उघडता मजकूर बदलतो तेव्हा तो बदल स्क्रीन रीडरला कळवावा लागतो. त्यासाठी कोडमध्ये ‘लाइव्ह रीजन’ची सोय आहे, किंवा फोकस, म्हणजे कीबोर्डची पानावरची सध्याची जागा, नव्या मजकुरावर नेता येतो. आपण यातले काहीच केलेले नाही. बसमध्ये चढण्याचे ठिकाण निवडण्याची खिडकी उघडली, पण फोकस मागच्या पानावरच राहिला. ती खिडकी पानाच्या अगदी तळाशी, तळटिपांच्याही खाली मला सापडली, तोवर बराच वेळ गेला होता. हडपसर निवडून ती बंद केली, तर फोकस थेट पानाच्या सुरुवातीला जाऊन पडला आणि मला सारा रस्ता पुन्हा चालावा लागला. प्रवाशाचे नाव, वय, मोबाइल क्रमांक असे सगळे भरून मी पैसे भरण्याचे बटण दाबले, तेव्हा मुख्य पान उघडले. आसन आठ मिनिटांसाठीच राखून ठेवले जाते आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे घड्याळ चालू असते, हे मला दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याकडून कळले. ते घड्याळ स्क्रीन रीडरने एकदाही बोलून दाखवले नाही, आणि वेळ वाढवून मागण्याची सोयही तिथे नाही.

त्या रात्री मला निघणे भागच होते. शेवटी इमारतीतल्या एका ओळखीच्या मुलाला बोलावले. त्याने तिकीट काढून दिले, पण त्यासाठी माझ्या कार्डाचा क्रमांक, त्यामागचे तीन आकडे आणि ओटीपी मला त्याला मोठ्याने सांगावे लागले. तो मुलगा सरळ आहे. तरीही ओटीपी कोणालाही सांगू नका, असा संदेश बँका रोज पाठवत असताना आपल्या संकेतस्थळाने मला नेमके तेच करायला लावले. शिवाय त्याने घाईत वरचा बर्थ निवडला, तो बदलून घेण्यासाठी मला तिकीट रद्द करावे लागले आणि रद्द करण्याचे शुल्क माझ्याच पैशातून कापले गेले. सहा वर्षांत ही वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी मला सर्वांत जास्त लागले ते हेच, की जे काम मला उत्तम येत होते ते माझ्याकडून काढून घेतले गेले.

माझ्या ई-मेलला आपल्या कार्यालयाने उत्तर दिले की, नव्या संकेतस्थळावर ‘सुगम्यता विजेट’ बसवले आहे. ते मी वापरून पाहिले. त्यात अक्षर मोठे करणे, रंग बदलणे आणि मजकूर मोठ्याने वाचणे, अशा सोयी आहेत. कमी दिसणाऱ्या एखाद्या व्यक्तीला त्यातून मदत होत असेल, तर चांगलेच आहे. पण माझ्याकडे वाचणारा स्क्रीन रीडर आधीच आहे. विजेटचा आवाज त्याच्यावर चढतो आणि दोन्ही आवाज मिळून काहीच समजत नाही. ज्या चौकटीला लेबल नाही तिला हे विजेट योग्य लेबल देऊ शकलेले नाही आणि आसनांच्या चित्रांना क्रमांकही देऊ शकलेले नाही. दुरुस्ती मूळ कोडमध्येच करावी लागेल.

संकेतस्थळाच्या मराठी आवृत्तीबद्दलही एक गोष्ट येथे नोंदवते. मराठी पानांच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी अशीच नोंदवलेली आहे. स्क्रीन रीडर ती नोंद पाहून इंग्रजी आवाज लावतो आणि माझ्या संगणकावरचा तो आवाज देवनागरी मजकूर चक्क गाळून टाकतो. कोडमधला एक शब्द बदलला, तर संपूर्ण मराठी आवृत्ती ऐकण्याजोगी होईल.

मी सवलत मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ नुसार सेवा देणाऱ्या संस्थेने, मग ती सरकारी असो की खासगी, आपली सेवा सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे देणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी कायद्याने दिलेली दोन वर्षांची मुदत केव्हाच संपली आहे. संकेतस्थळे कशी असावीत, यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक आहे, तसेच डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. केवळ रंगाने माहिती देऊ नये, प्रत्येक क्रिया कीबोर्डने करता यावी, चौकटींना लेबले असावीत, वेळेची मर्यादा वाढवता यावी, या सर्व बाबी त्यांत स्पष्ट लिहिलेल्या आहेत. ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, यासंबंधीच्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आहे. हे सर्व आपल्या विधी विभागाला ठाऊक असेलच.

माझी पहिली मागणी अशी की, दुरुस्ती होईपर्यंत जुने आरक्षण पान एका वेगळ्या दुव्यावर सुरू ठेवावे. ते आपल्याकडे तयार आहे आणि त्यासाठी नवे काही बांधावे लागणार नाही. त्यानंतर सर्वांत आधी आसनांचा आराखडा दुरुस्त करावा: प्रत्येक आसन हे खरे बटण किंवा चेकबॉक्स असावे, त्याच्या नावात क्रमांक, बर्थ, महिला आरक्षण, भाडे आणि ते उपलब्ध आहे की नाही हे यावे. तारीख टाइप करता यावी, चौकटींना लेबले जोडावीत, उघडणाऱ्या खिडक्यांमध्ये फोकस न्यावा आणि त्या बंद झाल्यावर तो मूळ जागी आणावा. राखीव वेळ संपत आल्याची सूचना ऐकू यावी आणि ती वेळ वाढवता यावी. या कामांसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या साध्या भाषेतील बटण, लेबल आणि शीर्षक जिथे वापरायला हवे तिथे वापरले, तरी निम्म्याहून अधिक अडचणी दूर होतील. बदल ग्राहकांसाठी खुला करण्यापूर्वी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींकडून तो तपासून घ्यावा आणि त्या कामाचा त्यांना योग्य मोबदला द्यावा. मी स्वतः यासाठी वेळ द्यायला तयार आहे. वर सांगितलेल्या तिकिटाचे रद्द करण्याचे शुल्क मला परत मिळावे.

या पत्राचे उत्तर तीस दिवसांत न मिळाल्यास मला दिव्यांग आयुक्तांकडे आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. मला मात्र आपल्याच संकेतस्थळावरून पुन्हा तिकीट काढायचे आहे, म्हणून आधी आपल्याकडे आले आहे.

उत्तर ई-मेलच्या मजकुरातच लिहून पाठवावे. मागच्या वेळी आपण स्वाक्षरी केलेल्या पत्राचा फोटो जोडून पाठवला होता. त्यात काय लिहिले आहे, ते मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले.

आपली,
एक नियमित प्रवासी
(नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक व पूर्वीच्या तक्रारींचे क्रमांक आपल्या ग्राहक नोंदीत आहेत.)