मेडिकलवाल्या काकांना, गोळी न दिल्याबद्दल थँक्यू

काका, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही आणि उगाच नको ती पोरं काउंटरवर येऊन वाद घालतील. आपल्या एरियातले ओळखतीलच.

माझ्या धाकट्या भावाला तुम्ही गोळी द्यायला नाही म्हणालात. तो वाळूजला नाइट शिफ्ट करायचा, दिवसा झोप लागेना म्हणून कुणीतरी दोस्ताने झोपेची गोळी दिली, मग एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि मग झोपेसाठी नाहीच, नुसतं डोकं सुन्न व्हायला. संभाजीनगरात याला बटन म्हणतात, मालेगावकडे कुत्ता गोळी, पण आत बहुतेक वेळा अल्प्राझोलम नाहीतर नायट्राझेपाम. 2024 ला कुरकुंभच्या कंपनीत एमडी नावाचं ड्रग सापडलं तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं, आई म्हणायची बाई गं केवढाले कोटी, आणि इकडे आमच्याच घरात गादीखाली काही रुपयांची स्ट्रिप!

ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते, 2014 पासून डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपून ठेवायचं असतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. त्याला इतके दिवस कुठून मिळत होत्या ते विचारू नका, देणारे देतात. 2019 च्या एम्सच्या सर्व्हेत देशात 1.18 कोटी लोक अशा झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या नशेसाठी घेतात असं आलंय, एवढ्या सगळ्यांना चिठ्ठी थोडीच मिळत असेल?

पण खरं थँक्यू त्याच्या पुढचं आहे. तुम्ही दुकानात चारचौघांत काही बोलला नाहीत, पप्पांना गिऱ्हाईक नसताना बोलावून घेतलंत आणि नीट सांगितलंत. पप्पा तर चिडून त्याला खोलीत कोंडायलाच निघाले होते, मामाचं वेगळंच, कुठल्यातरी बाबाकडे नेऊ म्हणे. तुम्ही म्हणालात की बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं, हिला डॉक्टरच्या हाताखाली हळूहळूच उतरवायचं. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं, सोडली की सुटली असंच वाटायचं सगळ्यांना.

मग घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचारच्या ओपीडीला गेलो. तिथे दुसरी गोळी चालू केली, जिचा असर जास्त वेळ टिकतो, आणि मग तिचा डोस थोडा थोडा कमी करत आणला. हात थरथरणं, घाम, रात्रभर येरझाऱ्या, आईवर ओरडणं, सगळं झालं. त्या दिवसांत घरातल्यांनीही बोलायला कुणीतरी लागतं, मी 14446 ला फोन केला होता, सरकारची फ्री हेल्पलाइन आहे, ज्यांच्या घरी असं काही चालू असेल त्यांनी सेव्ह करून ठेवा.

आता तो डे शिफ्टला आहे. झोप अजून धड लागत नाही, चिडचिड आहे, पण पगार घरी येतो आणि जेवायला आमच्यात बसतो.

आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला यापुढे मुद्दाम त्यालाच पाठवणार आहे, चिठ्ठी देऊन. तुमच्यासमोर यायला लाजतोय, तुम्हीच आधी बोला.